केसांचं खापर पाण्याच्या माथी

पिंपरी-चिंचवडमध्ये नव्यानं राहायला आलेल्या बाईला पहिल्या काही महिन्यांत दोन गोष्टी हमखास ऐकाव्या लागतात. एक, इथे पाणी दिवसाआड येतं. दोन, इथल्या पाण्यानं केस जातात. पहिली गोष्ट सोळा आणे खरी. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेनं दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, तेव्हा तो तात्पुरता होता. पुढे तो वर्षानुवर्षं तसाच राहिला. दुसरी गोष्ट मात्र इतक्या जणींनी इतक्या जणींना सांगितली आहे की ती तपासून बघावी असंही कोणाला वाटत नाही. पवना धरणाचं पाणी पुरलं नाही की सोसायटीत टँकर येतो, टँकर बोअरचं पाणी आणतो, बोअरचं पाणी जड असतं, आणि मोशी-चिखलीपासून चाकण-म्हाळुंग्यापर्यंतच्या बाया त्या पाण्याकडे बोट दाखवून गप्प बसतात.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाम्पूचा फेस होत नाही, केसांवर थर बसतो, केस राठ होतात आणि विंचरताना मधूनच तुटतात. इथपर्यंत तक्रार रास्त आहे. पण त्वचेखाली जिथे केस तयार होतो, तिथे या पाण्याचा हात पोचत नाही. फरक ओळखणं सोपं आहे. हातात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका नसेल तर तो तुटलेला केस; ठिपका असेल तर तो गळालेला. ठिपका दिसला की ‘मुळासकट आला गं’ म्हणून बायका घाबरतात. तसं नसतं. ज्या केसाची मुदत संपली त्याचं ते टोक असतं, आणि केस उगवणारं मूळ त्वचेतच राहतं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर जाणं हे निरोगी डोक्याचं लक्षण आहे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईच्या हातात आठवड्याचा हिशेब एकदम येतो, एवढंच.

मग पाण्याचा सिद्धांत इतका लोकप्रिय का? कारण तो सोयीचा आहे. पाण्याला दोष दिला की घरात कोणालाच काही करावं लागत नाही. रक्त तपासायला नको, सुट्टी टाकायला नको, सुनेच्या जेवणाची चौकशी करायला नको. फार तर नळाला लावायचा एक फिल्टर विकत आणायचा. आणि तोवर जो आजार वेळेत ओळखला तर आटोक्यात राहतो, तो निवांत वाढत राहतो.

त्या आजाराला डॉक्टर ‘फिमेल पॅटर्न हेअर लॉस’ म्हणतात. म्हणजे ठरावीक धाटणीनं होणारं केसांचं विरळ होणं. पुरुषाचं कपाळ मागे सरकतं, टाळूवर चकती पडते. बाईचं तसं होत नाही. तिची पुढची केसरेषा बहुतेक वेळा जागच्या जागी राहते, पण भांग रुंद होत जातो, टाळूवरची त्वचा दिसू लागते, वेणीला रबर एक वेढा जास्त घ्यायला लागतं. पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ साली मांडल्या. बायकांच्या पायऱ्या एरिख लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं तीन टप्प्यांत मांडल्या त्या १९७७ साली. मधली सव्वीस वर्षं बाईचं डोकं पुरुषाच्या डोक्यावरूनच मोजलं जात होतं. आपल्याकडे अजूनही ‘बायकांना कुठे टक्कल पडतं?’ असा प्रश्न शिकलेली माणसं विचारतात, तेव्हा ती याच जुन्या काळात राहत असतात.

या आजारात केस झडझडून गळतीलच असं नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. एरवी एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने विसावतो आणि गळून पडतो, त्या जागी नवा येतो. इथे वाढीचा काळ दर फेरीला आखडत जातो. चाकणच्या शेतकऱ्याला खोडव्याचा ऊस सांगायला नको: मूळ तेच, पण दर वर्षी कांडं बारीक. तसा दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, आणि शेवटी लव उरते. याचं मूळ अनुवंशात आहे. तो अनुवंश आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, एका जनुकानं नव्हे तर अनेकांनी मिळून. पुरुषी संप्रेरकांचा त्यात हात असतो, पण यातल्या बहुतेक बायकांच्या रक्तात ती संप्रेरकं वाढलेली नसतात. त्यांच्या केसांची मुळंच त्या संप्रेरकांबाबत हळवी असतात. वय वाढतं, पाळी जाते, तसं प्रमाण वाढतं. पण विशी-पंचविशीतही सुरुवात होते, आणि तेव्हाच ती सगळ्यात जास्त लपवली जाते.

आता या औद्योगिक पट्ट्याकडे बघू. लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळहून आयटीआय किंवा बारावी झालेल्या मुली भोसरीत, निघोजेत, खराबवाडीत येतात. एका खोलीत चौघी-पाच जणी राहतात. पहिले काही महिने जेवणाचा पत्ता नसतो. सकाळच्या पाळीला चहा-बिस्किटावर निघायचं, रात्रपाळीनंतर झोपेपुढे जेवण राहून जायचं. पावसाळ्यात डेंग्यू नाहीतर टायफॉइड. वजन पाच-सात किलोंनी उतरतं. आणि मग, सगळं सुरळीत झाल्यावर, केस मूठ-मूठ गळायला लागतात. मुलगी म्हणते, गावाकडे असताना माझे केस छान होते, इथलं पाणी लागलं. तिचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकला आहे. ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार यांपैकी काहीही झालं की एकदम पुष्कळ केस विसाव्याला जातात, आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. धक्का आणि परिणाम यांच्यात तीन महिन्यांचं अंतर पडल्यामुळे धक्का विसरला जातो आणि समोर दिसणारं पाणी गुन्हेगार ठरतं. ही गळती नमुनेदार, म्हणजे ठरावीक धाटणीची, नसते. कारण दूर झालं तर साधारण सहा महिन्यांत ती आपोआप थांबते आणि केस परत येतात. त्या सहा महिन्यांत ज्या तेलाची बाटली घरात असेल, त्या तेलाला यश मिळतं. महाराष्ट्रातल्या निम्म्या केशतेलांची कीर्ती अशी उभी राहिली असावी, असा मला दाट संशय आहे.

गोची अशी की दोन्ही प्रकार एकाच डोक्यावर एकाच वेळी असू शकतात. डेंग्यूनंतरच्या गळतीनं आधीपासून हळूहळू विरळ होत असलेला भांग उघडा पडतो. त्यात भर रक्तक्षयाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं, आणि त्याआधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढलेला होता. देशातल्या आघाडीच्या औद्योगिक राज्यात निम्म्याहून जास्त बायका फिकट आहेत, आणि चर्चा चालली आहे ती कोणत्या कंपनीच्या शाम्पूनं केस दाट होतात याची! शरीरात लोह कमी असेल तर केसांची गळती वाढू शकते. लोह भरून काढलं म्हणून अनुवंशानं विरळ झालेला भांग भरत नाही, हेही तितकंच खरं. म्हणूनच नेमकं काय आहे हे कोणीतरी बसून शोधायला लागतं.

कारखान्याचं म्हणून एक वेगळं कारण आहे, आणि ते खरं आहे. यंत्रावर काम करताना केस बांधून टोपीखाली घालावेच लागतात. सुरक्षिततेचा तो नियम योग्यच आहे. पण रोज आठ-नऊ तास कपाळावरून ताणून आवळलेला अंबाडा कानशिलाजवळचे आणि कपाळालगतचे केस ओढून काढतो. ही ओढीची गळती. ती वर्षानुवर्षं चालली तर मुळं कायमची मरतात. जाळी घालून सैल बांधलेले केसही टोपीखाली नीट बसतात. लाईनवरच्या सुपरवायझर बाईनं हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायला हरकत नाही. हेल्मेटचा मात्र यात काही संबंध नाही. हेल्मेटनं टक्कल पडत नाही. पुणे-नाशिक महामार्गावर ट्रक-कंटेनरच्या मधून स्कूटी काढताना ‘केस जातात’ म्हणून ते हँडलला अडकवून ठेवणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा या गैरसमजाची किंमत केसांपेक्षा किती मोठी होऊ शकते ते कळतं.

निदान अवघड नाही, पण त्याला बोलणं लागतं. चांगला त्वचारोगतज्ज्ञ आधी डोक्याला हात लावत नाही, प्रश्न विचारतो. कधीपासून? गळतात की विरळ होतात? गेल्या सहा महिन्यांत ताप, बाळंतपण, डाएट? पाळी वेळेवर येते का, अंगावर जास्त जातं का? हनुवटीवर केस, चेहऱ्यावर पुटकुळ्या? कोणत्या गोळ्या चालू आहेत? आईचे, मावशीचे, वडिलांचे केस कसे आहेत? मग तो टाळूचा भांग आणि डोक्याच्या मागचा भांग यांची रुंदी शेजारी शेजारी बघतो. साठेक केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतो. सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे. त्वचेवर डर्मोस्कोप नावाचं भिंग लावतो. शेजारी-शेजारी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसली, तर नमुनेदार केसगळतीची खूण पटते. गोल चकतीत केस गेले असतील तर ती चाई, तिचं कारण वेगळं आणि उपचारही वेगळे. त्वचा गुळगुळीत, व्रण पडल्यासारखी झाली असेल तर तातडीनं तिचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण तिथे मुळंच नष्ट होत असतात.

रक्ताच्या तपासण्या मोजक्या असतात: हिमोग्लोबिन, शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, थायरॉइड. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, म्हणून नुसतं ‘रक्त चांगलं आहे’ यावर थांबू नये. पाळी अनियमित असेल, पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची शंका असेल, तर संप्रेरकांच्या तपासण्या. सगळ्यांना सगळ्या तपासण्या लागत नाहीत, आणि चाळीस तपासण्यांचं पॅकेज लिहून देणारा तुमच्या केसांपेक्षा तुमच्या पाकिटाचं निदान करत असतो. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: केसांसाठी म्हणून ज्या बायोटिनच्या गोळ्या आणि गमी सर्रास खाल्ल्या जातात, त्यांनी थायरॉइडच्या तपासणीचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ सालीच तसा इशारा दिला. रक्त द्यायच्या आधी त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगा.

एवढं सरळ असताना बाई डॉक्टरकडे का जात नाही? कारण तिच्या केसांना आपण आजार मानत नाही, चारित्र्य मानतो. तेल लावत नाही म्हणून गेले. मोकळे सोडते म्हणून गेले. बाहेरचं खाते, रात्रपाळी करते, मोबाईल बघत जागते म्हणून गेले. प्रत्येक कारणात कर्ता तीच, आणि गुन्हाही तिचाच. पुरुषाला टक्कल पडलं की ‘पैसा येणार’ म्हणून हसून सोडून देतात. मुलगी बघायला आलेली मंडळी मात्र तिची वेणी नजरेनं मोजतात. नवऱ्या मुलाच्या बापाचं टक्कल दिवाणखान्यात चकाकत असतं, पोराचं कपाळ वर सरकलेलं असतं, आणि मुलीचे केस पातळ आहेत म्हणून नकार येतो. अनुवंशाची एवढीच काळजी असेल तर आरसा दोन्ही बाजूंना धरावा.

टाटा मोटर्सच्या पिंपरीतल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी आख्खी लाईन दीड हजारांहून अधिक बायका चालवतात. दोन टनांच्या आसपासची गाडी बिनचूक उभी करणाऱ्या या बायांची लायकी घरी वेणीच्या जाडीवर ठरावी, हे मला लाजिरवाणं वाटतं.

बाईच्या डोक्यावरच्या केसांचा निर्णय इतरांनी करण्याची सवय आपल्याला जुनी आहे. नवरा मेला की तिचे केस काढायचे, हा धर्म होता. त्याविरुद्ध १८९० साली मुंबईत नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. त्यांना एकत्र आणणारे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. ज्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेच हे लोखंडे. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर, म्हणजे चाकणच्याच तालुक्यातलं. कामगाराची सुट्टी आणि बाईचे केस हे दोन्ही एकाच माणसाला सार्वजनिक प्रश्न वाटले. आज त्याच तालुक्यात हजारो कामगार बायका आहेत, रविवार त्यांना मिळतो की नाही ते पाळीवर अवलंबून, आणि केसांचा प्रश्न पुन्हा खाजगी झाला आहे.

तो खाजगी राहिला की काय होतं आणि सार्वजनिक झाला की काय होतं, याचं उदाहरण अलीकडचंच आहे. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरात अचानक लोकांचे केस गेले. जानेवारीअखेर १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. तिथेही पहिला संशय पाण्यावर गेला. पण पुरुष, बायका, मुलं सगळ्यांचेच केस गेल्यामुळे यंत्रणा हलली. पाण्याचे नमुने घेतले गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. ती गळती वेगळी, तिचा या लेखाच्या आजाराशी संबंध नाही. पण कोणी तरी नमुना घेतला, तपासला, म्हणून चर्चा पाण्याच्या पुढे गेली. आणि त्या गावांतल्या मुलामुलींची लग्नं अडायला लागल्याच्या बातम्याही तेव्हाच आल्या. आजार अजून ओळखलाही नव्हता, बहिष्कार मात्र तयार होता.

जिथे डॉक्टर नाही तिथे दुकान येतं. कांद्याचं तेल घ्या. कांद्याच्या रसाचा बरा परिणाम दिसला तो २००२ सालच्या एका लहान अभ्यासात, आणि तोही चाईच्या रुग्णांवर. नमुनेदार केसगळतीशी त्याचा संबंध नाही. टक्कल बरं करतो असा दावा औषधाच्या नावावर करायला या देशात मनाई आहे. औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये टकलाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी रिक्षाच्या पाठीमागे, पार्लरच्या काचेवर आणि मोबाईलवर तेच दावे राजरोस दिसतात. त्याच्या वरच्या मजल्यावर हप्त्यांनी पॅकेज विकणारी क्लिनिकं. केशरोपणाचं म्हणाल तर ज्या बाईचे मागचेही केस विरळ आहेत तिच्या डोक्यावर ते नीट होत नाही, कारण लावायला केस आणणार कुठून? हे पैसे भरायच्या आधी सांगायला हवं.

उपचार आहेत, जादू नाही. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा उपयोग कळला, आणि १९९१ साली अमेरिकेत बायकांसाठी ते डोक्याला लावायला मान्यता मिळाली. लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, आणि कित्येक जणी तिथेच बाटली फेकून देतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की काही महिन्यांत मिळवलेलं परत जातं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वापरायचं नसतं. संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्या गर्भाला घातक ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायच्या नाहीत. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तर मुळीच नाही. जेवढं लवकर सुरू करावं तेवढं जास्त वाचवता येतं; पाण्याला शिव्या देण्यात गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

कारखान्यांनाही एक सांगायचं आहे. महिला दिनाला गुलाबाचं फूल आणि कुपन वाटण्यापेक्षा वर्षाच्या आरोग्य तपासणीत बायकांचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा, आणि अहवाल फाईलला न लावता त्यांच्या हातात द्या. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ईएसआयसाठी, म्हणजे कामगार राज्य विम्यासाठी, पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या पैशावर उपचाराचा हक्क आहे, तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी मागण्याचाही आहे. ‘केसांसाठी कुठे दवाखान्यात जातात’ असं कोणी म्हणालं तरी तो हक्क कमी होत नाही. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलींना मात्र ईएसआयचं छत्र नाही, आणि लाईनवर काम त्या तेवढंच करतात. ही गोष्ट संघटनांनी आपल्या मागण्यांत धरायला हवी.

१९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं पिंपरीचं नाव देशाला औषधाचं गाव म्हणून कळवलं. त्या गावात बाईनं केसांच्या दुखण्यावर रिक्षाच्या पाठीवरची जाहिरात वाचून इलाज करू नये. चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे, संत तुकारामनगरात महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. भांग रुंद वाटत असेल तर येत्या सुट्टीला तिथे जा, तारखांसकट सांगा: ताप कधी आला, पाळी कशी आहे, काय खाता. आणि आई इथे राहत असेल तर तिलाही बरोबर न्या. डॉक्टरांना तिचं डोकं बघायचंच असतं, आणि तिचं आजवर कोणी बघितलेलं नसतं.